हवाईला जाणारी ख्रिसमसची झाडं आणि पाच टक्क्यांचा दाखला

२०१२ च्या हंगामात अमेरिकेच्या वायव्य भागातून हवाईला गेलेल्या ख्रिसमसच्या झाडांमध्ये आदल्या वर्षांपेक्षा कितीतरी जास्त धोकादायक कीड निघाली. त्यात शेंबी, म्हणजे बिनशंखाच्या, गोगलगाईही होत्या. ही झाडं काही आडमार्गाने आलेली नव्हती. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत झाडं जहाजावर चढण्याआधी त्यांची तपासणी होते, त्यांतली काही ठरलेल्या पद्धतीने झटकली जातात आणि मगच त्यांना कीडमुक्तीचा दाखला मिळतो. ही व्यवस्था तोवर वीस वर्षांहून जास्त काळ चालू होती. लबाडी असती तर दंड करून प्रकरण मिटलं असतं. इथे नियम होता, तो राबवणारी माणसं होती, आणि तरीही जिवंत कीड समुद्र ओलांडून गेली. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघायला हवं.

हवाईला एवढी धास्ती कशाची

हवाई बेटं अमेरिकेच्या मुख्य भूमीपासून सुमारे ३,९०० किलोमीटर दूर आहेत. तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी जवळपास ९० टक्के जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. या बेटांवर मुळात एकही मुंगी नव्हती आणि वसाहत करून राहणारी एकही गांधीलमाशी नव्हती. तिथले कीटक, तिथल्या एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या, तिथले पक्षी हे सगळे अशा शिकाऱ्यांशिवाय घडले. त्यामुळे बाहेरून आलेल्या एखाद्या सामान्य किड्याचंही तिथे संकट होऊ शकतं.

पश्चिमी गांधीलमाशीचं उदाहरण ठळक आहे. व्हेस्प्युला पेन्सिल्व्हानिका हे तिचं शास्त्रीय नाव. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला ती नेहमीची. तिथे थंडी पडली की अख्खी वसाहत मरते आणि फक्त गर्भधारणा झालेल्या नव्या राण्या कुठेतरी आडोशाला हिवाळा काढतात. हवाईत तिची पहिली नोंद १९१९ ची, कावाई बेटावरची. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी ती इतर बेटांवर झपाट्याने पसरली, आणि हा फैलाव ख्रिसमसच्या झाडांसोबत आलेल्या राण्यांमुळे झाला असावा असं कीटकशास्त्रज्ञ मानतात. हवाईत कडक हिवाळा नाही. त्यामुळे काही वसाहती मरतच नाहीत, दुसऱ्या वर्षातही वाढत राहतात आणि एका पोळ्यात अनेक राण्या नांदतात. माउई बेटावरच्या एका पोळ्यात सुमारे सहा लाख माश्या असल्याचा अंदाज नोंदलेला आहे. हालेआकाला आणि हवाई व्होल्कॅनोज या राष्ट्रीय उद्यानांत या माश्या स्थानिक कीटकांची शिकार करतात आणि ओहिआ या स्थानिक झाडाच्या फुलांतला मध पळवतात. त्याच मधावर जगणाऱ्या हायलियस या स्थानिक मधमाश्यांपैकी सात जाती २०१६ साली संकटग्रस्त म्हणून जाहीर कराव्या लागल्या. त्यामागे अधिवास घटण्यापासून मुंग्यांपर्यंत अनेक कारणं आहेत, पण गांधीलमाशी त्यातली एक आहेच.

गोगलगाईंच्या बाबतीत तर हवाईला चांगलेच चटके बसले आहेत. आफ्रिकन शंखी गोगलगाईला आवर घालायला १९५५ मध्ये मुद्दाम आणलेल्या शिकारी गोगलगाईने स्थानिक झाडगोगलगाईंचाच फडशा पाडला. शिवाय उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी तिथे गोगलगाईंमार्फत माणसांत येतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. बाहेरून नवी शेंबी गोगलगाय आली तर ती दुर्मिळ वनस्पतींची कोवळी रोपं खाईल, आणि या कृमीला आणखी एक वाहक मिळण्याची शक्यताही उरते.

दाखला नेमकं काय सांगतो

झाड परदेशी जाणार असेल तर अमेरिकेचं केंद्रीय कृषी खातं फायटोसॅनिटरी, म्हणजे वनस्पती-आरोग्याचं, प्रमाणपत्र देतं. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली या प्रमाणपत्राचा मसुदा जगभर जवळपास सारखा आहे. हवाई हे अमेरिकेचंच राज्य. त्यामुळे इथला व्यवहार राज्याराज्यातला: पाठवणाऱ्या राज्याच्या कृषी विभागाने तपासायचं, आणि माल पोहोचला की हवाईच्या कृषी विभागाने पुन्हा बघायचं.

दोन्ही कागदांचा आत्मा मात्र एकच. आंतरराष्ट्रीय नमुन्यातलं वाक्य नीट वाचलं तर त्यात माल ठरावीक किडींपासून मुक्त ‘मानला जातो’ असं म्हटलेलं असतं. तपासणी झाली, ठरलेली पद्धत वापरली, त्यावरून अधिकाऱ्याचं हे मत झालं, एवढाच त्याचा अर्थ. व्यापारी, ग्राहक, कधीकधी शेतकरीसुद्धा तो कागद हमीपत्रासारखा वाचतात. प्रत्येक फांदी कोणी पाहिलेली नसते, आणि तसा दावाही कागद करत नाही.

हवाईसाठीची पद्धत १९९० मध्ये सुरू झालेल्या झटकणी कार्यक्रमातून आली. त्यानुसार हवाईला जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरमधली सुमारे ५ टक्के झाडं निरीक्षक हाताने झटकून बघतात. त्यात दखल घेण्याजोगी कीड सापडली तर त्या कंटेनरमधली सगळी, म्हणजे १०० टक्के, झाडं झटकावी लागतात. नियम सोपा आहे. एकेक झाड हातात घेऊन काम करायचं असतं तिथे सोपा नियमच टिकतो, म्हणून मला तो आवडतो. पण त्याचं गणित मांडलं की भोक दिसतं.

समजा कंटेनरमध्ये ६०० झाडं आहेत. पाच टक्के म्हणजे ३०. आता त्यातल्या सहा झाडांत कीड आहे असं धरू, म्हणजे शंभरात एक. यादृच्छिक निवडलेल्या तीस झाडांत त्या सहांपैकी एकही न येण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के निघते. कीड एकाच झाडात असेल, म्हणजे एकच राणी एका फांदीच्या बेचक्यात दडलेली असेल, तर ती हुकण्याची शक्यता ९५ टक्के. उलट १२० झाडांत गोगलगाई असतील तर तीसच्या तीस झाडं स्वच्छ निघण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास उरते. म्हणजे पाच टक्क्यांची चाचणी बुजबुजलेलं शेत हमखास पकडते, तुरळक कीड बहुतेक वेळा सोडते. आणि गांधीलमाशीच्या बाबतीत तुरळकच घातक असते, कारण गर्भधारणा झालेली एक राणी नवी वसाहत उभी करायला पुरेशी असते.

हे गणितही झटकलेल्या झाडातली कीड खाली पडते आणि पडलेली दिसते असं गृहीत धरून केलेलं आहे. २०१२ मध्ये काय झालं असावं हे समजायला नेमकं तिथेच बघावं लागतं.

झटकणी जवळून

ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात आणि लगतच्या डोंगरउतारांवर नोबल फर आणि डग्लस फर ही झाडं सात ते दहा वर्षं वाढवली जातात. नोव्हेंबर लागला की तोड सुरू होते. उतारावरच्या शेतांतून तोडलेल्या झाडांचे भारे हेलिकॉप्टरने उचलून ट्रकपाशी आणले जातात. मग झटकणी, मग जाळीत किंवा दोरीत आवळणी, मग लोडिंग. झटकायचं यंत्र साधं असतं: बुंधा एका थरथरणाऱ्या तबकात धरायचा, काही सेकंद झाड जोरात हादरतं आणि आतल्या वाळक्या सुया, म्हणजे या झाडांची सुईसारखी जुनी पानं, धूळ, किडे असं सगळं खाली येतं. मुळात हे यंत्र वाळक्या सुया काढण्यासाठीच आहे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात कचरा पडू नये म्हणून. निरीक्षकाची हाताची झटकणी याहून साधी. झाड उभं धरायचं, बुंधा कडक जागेवर आपटायचा, आणि खाली अंथरलेल्या फिक्या रंगाच्या कापडावर काय पडलं ते वाकून बघायचं.

आता त्या कापडावर बघू. मूठभर तपकिरी सुया, सालीचे कपचे, एखादा कोळी. त्यातच हिवाळी झोपेतली राणी पडलेली असते. या अवस्थेत ती पंख अंगाखाली दुमडते, मिशाही आत घेते आणि हलत नाही. थंडीच्या सकाळी ती मेलेल्या माशीसारखी, किंवा सुयांतल्याच एखाद्या तुकड्यासारखी दिसते. काय शोधायचं हे माहीत असलेला माणूस तिला उचलतो. ज्याला फक्त ‘कीड बघा’ एवढंच सांगितलंय तो कापड झटकून पुढच्या झाडाकडे वळतो. दाखल्यावर दोघांच्या सह्या सारख्याच दिसतात.

गोगलगाय त्याहून अवघड. गांधीलमाशी नुसती टेकलेली असते, हादऱ्याने सुटते. गोगलगाय स्वतःच्या चिकट द्रवाने सालीला धरून असते, आणि फरच्या खालच्या फांद्या खोडाला जिथे मिळतात तिथल्या ओल्या खाचेत ती घट्ट बसते. दिवसा ती लपलेली, रात्री बाहेर. तपासणी मात्र दिवसाच होते.

शिवाय ती झाडावर येते कधी हेही महत्त्वाचं. विलामेट खोऱ्यातला शरद ऋतू थंड आणि पावसाळी असतो, आणि करडी शेंबी गोगलगाय ही त्या खोऱ्यातल्या गवत-बियाणं पिकवणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. उभ्या झाडावर गोगलगाय नसेलही. पण तोडलेलं झाड ओल्या गवतावर रात्रभर आडवं पडलं, की थंड, दमट, अंधारी फांदोरी तिला आयतीच मिळते. झटकून झाल्यावरसुद्धा झाडं मातीवर रचून ठेवली, तर झटकणीचा उपयोग त्याच रात्री संपतो. झाड तोडल्यापासून कंटेनरचं दार बंद होईपर्यंत ते कुठे कुठे टेकलं, हा प्रश्न मला ‘किती टक्के झटकलं’ याच्याइतकाच मोठा वाटतो, आणि पाच टक्क्यांच्या नियमात त्याला जागा नाही.

मग येतो शीत कंटेनर. झाड ताजं राहावं म्हणून आत गारवा ठेवतात. सुया गळत नाहीत, सुवास टिकतो. त्याच गारव्यात राणीची झोप मोडत नाही आणि गोगलगाय वाळत नाही. जी सोय झाडासाठी केली तीच किडीलाही जिवंत ठेवते. हवाईची राजधानी होनोलुलू इथे दार उघडलं आणि झाडं उबदार हवेत आली की दोघीही जाग्या होतात.

होनोलुलूच्या धक्क्यावर

पोहोचलेल्या मालात कीड सापडली तर हवाईच्या निरीक्षकांपुढे मोजके मार्ग असतात: कंटेनर अडकवून ठेवायचा, झाडं पुन्हा झटकून किंवा प्रक्रिया करून स्वच्छ करायची, आणि ते जमत नसेल तर माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा. कागदावर हे सगळे मार्ग सारखे वाटतात. प्रत्यक्षात हा माल थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण) ते ख्रिसमस एवढ्या चार-पाच आठवड्यांतच विकला जातो. आठवडाभर अडकलेल्या झाडाचं मोल निम्म्यावर येतं आणि २५ डिसेंबरनंतर शून्य होतं. म्हणून निरीक्षकावर ताण दोन्ही बाजूंनी असतो. एकीकडे झाडाची वाट बघणारी कुटुंबं आणि पैसे गुंतलेले व्यापारी, दुसरीकडे एक राणी. अशा वेळी कंटेनर रोखून धरणाऱ्या निरीक्षकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यांनी वाचवलेली गोष्ट कोणाला दिसत नाही, रखडलेली झाडं मात्र सगळ्यांना दिसतात.

हवाईने २०१२ नंतर काय केलं ते या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं. टक्केवारी बदलण्याचा सोपा रस्ता समोर होता. त्याऐवजी २०१३ मध्ये हवाईचे कृषी निरीक्षक स्वतः ओरेगॉन आणि वॉशिंग्टनला गेले, झटकणी कशी चालते ते जागेवर पाहिलं, आणि दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यांना हवाईला कोणत्या परक्या जीवांची धास्ती आहे याची प्रशिक्षण-माहिती दिली. त्यानंतर अशा घटना कमी झाल्याचं हवाईच्या कृषी विभागाने सांगितलं आहे.

माझं वाचन असं: दाखल्यावरची भाषा तीच राहिली, कापडाकडे बघणारे डोळे बदलले. ओरेगॉनच्या निरीक्षकाला गांधीलमाशी आणि गोगलगाय रोजच दिसते. ती त्याच्या शेतातली, त्याच्या अंगणातली. त्याच्या राज्यात ती कीड म्हणून दाखल्यात अडसर ठरावी असं त्याला वाटण्याचं कारण नाही. हवाईत तोच जीव काय करतो हे कळल्याशिवाय त्याची नजर त्यावर थांबणार नाही. घटलेल्या घटनांमागे हवामानाचाही हात असू शकतो, कारण एखादा शरद जास्त ओला असतो, एखादा कमी. पण दिशा योग्य होती याबद्दल मला शंका नाही.

हीच पद्धत सगळीकडे का चालत नाही

झटकणीवर सगळी भिस्त ठेवता येत नाही हे इतर किडी बघितल्या की पटतं. उत्तर कॅरोलिनातल्या फ्रेझर फरवर हेमलॉकचा लांबट खवलेकीटक आढळतो. हा मूळचा जपानचा. तो सुईच्या खालच्या बाजूला मेणासारख्या कवचाखाली चिकटून बसतो आणि यंत्राने कितीही हादरवलं तरी पडत नाही. २०१८ मध्ये तो विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत विक्रीला आलेल्या झाडांवर आणि माळांवर सापडला, तेव्हा अधिकाऱ्यांनी लोकांना झाडं खतात न टाकता जाळायला किंवा पिशवीत बांधून कचऱ्यात द्यायला सांगितलं. तिथे उपाय शेतातच करावा लागतो: वेळच्या वेळी फवारणी आणि भिंगाखाली सुया बघणं.

स्पंजी पतंगाच्या बाबतीत प्रश्न अंड्यांचा. १८६० च्या दशकाच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला आणलेला हा पतंग खोडावर केसाळ पुंजक्यात अंडी घालतो, आणि ती झटकून निघत नाहीत. म्हणून त्याच्यासाठी नियम जागेवर बेतलेला आहे: बाधित क्षेत्रातून झाड बाहेर जायचं असेल तर तपासणी आणि प्रमाणपत्र हवं. पाइनच्या शेंड्यातल्या भुंगेऱ्याचीही तीच तऱ्हा होती. तो १९९२ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळ ख्रिसमसच्या झाडांच्याच शेतात सापडला, त्याच वर्षी केंद्रीय क्वारंटाइन लागू झालं आणि २०२० मध्ये ते उठवलं गेलं.

मग करायचं काय

माझं स्पष्ट मत आहे की झटकणी आणि तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. आत्ताच्या पाच टक्क्यांच्या नियमात एकच कृती दोन्ही कामं करते: ज्या तीस झाडांची तपासणी होते तेवढ्याच झाडांच्या स्वच्छतेची नियमाने खात्री होते, बाकीची ५७० तशीच राहू शकतात. यंत्र शेतावर असेल तर हवाईला जाणारं प्रत्येक झाड आवळण्याआधी त्यावर चढवायला फारसा जास्त खर्च येत नाही. अनेक उत्पादक सुया झाडण्यासाठी तसंही ते करतात. त्यानंतर निरीक्षकाने पाच टक्के झाडं बघावीत, ती स्वच्छता नीट झाली का हे ताडण्यासाठी. मग तीच चाचणी बरीच जास्त अर्थपूर्ण होते, कारण झटकलेल्या झाडातही कीड निघाली तर पद्धतच कुठेतरी चुकते आहे हे लगेच कळतं.

दुसरं, गोगलगाईंसाठी झटकणीच्या आधीचं आणि नंतरचं काम लेखी अटींत यावं. तोडीआधी ओळींतलं गवत छाटणं, ज्या भागातून माल हवाईला जाणार तिथे आमिषाच्या गोळ्या टाकणं, तोडलेली झाडं रात्री जमिनीवर न ठेवणं, झटकल्यावर ती पॅलेटवर किंवा सिमेंटच्या फरशीवर ठेवणं, आणि शक्य तर त्याच दिवशी कंटेनरमध्ये भरणं. यातलं काहीच नवीन नाही. चांगले उत्पादक हे करतातच. पण दाखल्याच्या अटींत नसलेली गोष्ट घाईच्या आठवड्यात सर्वांत आधी गळते, आणि नोव्हेंबरचा शेवट हा सगळा घाईचाच आठवडा असतो.

तिसरं काम परतीच्या वाटेवरचं. होनोलुलूत एखाद्या कंटेनरमध्ये गोगलगाय सापडली तर ‘ओरेगॉनच्या मालात कीड’ एवढी बातमी अपुरी आहे. ती झाडं कोणत्या शेताच्या कोणत्या तुकड्यातली, कोणत्या तारखेला तोडलेली, रात्री कुठे ठेवलेली, कोणत्या निरीक्षकाने तपासलेली हे कंटेनरच्या क्रमांकावरून शोधता यायला हवं आणि ती नोंद त्याच हंगामात शेतावर परत पोहोचायला हवी. तसं झालं तर त्याच शेतातून पुढच्या आठवड्यात निघणारा कंटेनर बंदरावर नाही, शेताच्या फाटकावरच थांबवता येतो.